जूनची फी, दिवाळीचं सोयाबीन

कारंजा लाडच्या बाजार समितीत सोयाबीनची खरी आवक सुरू होते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी, मग तूर, आणि शिमग्याच्या अलीकडे-पलीकडे हरभरा. हर्रास होतो, काटा होतो, पट्टी हातात पडते, चुकारा मिळतो. या चार-पाच महिन्यांत घरात जो पैसा येतो, त्यावर अख्खं वर्ष काढायचं असतं.

आता महाविद्यालयाचं वर्ष पाहा. प्रवेश जून-जुलैत. मृगाचा पाऊस, बियाण्यांच्या बॅगा, खताची पोती आणि ट्रॅक्टरचं भाडं हेही त्याच आठवड्यांत. घरात वर्षातला सर्वांत कमी पैसा ज्या वेळी असतो, नेमक्या त्याच वेळी फी, पुस्तकं, खोलीचं डिपॉझिट आणि एसटीचा पास एकदम दारात उभे राहतात.

पैशांचं नियोजन शिकवणारी बहुतेक पुस्तकं पगारदार घर गृहीत धरून लिहिलेली असतात. एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी या अमेरिकी मायलेकींनी २००५ साली एका पुस्तकातून ५०-३०-२० चा नियम लोकप्रिय केला: हातात येणाऱ्या उत्पन्नाचे पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. पुण्या-मुंबईच्या नोकरदार घराला तो कामाचा आहे. उंबर्डा बाजार, कामरगाव किंवा मनभ्याहून कारंज्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तिच्या घरी एक तारखेला काहीच येत नाही. तिच्यापुढचा प्रश्न जितका रकमेचा आहे, तितकाच तारखांचा आहे. पैसा येण्याच्या आणि जाण्याच्या तारखा जुळत नाहीत, त्या फटीत उधारी शिरते आणि उधारीच्या पाठोपाठ ताण.

जुन्या बाजारपेठेची शिकणारी मुलं

कारंजा हे बाजाराचंच गाव. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात मुसंडी मारली, तेव्हा कारंज्याची निवड झाली ती इथल्या सावकार-व्यापाऱ्यांच्या संपत्तीमुळे. इंग्रजी अमदानीत कापसाने गावाला दुसरा बहर आणला. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे, लोकांच्या तोंडची ‘शकुंतला’, ही मुख्यतः कापसाच्या गाठी वाहण्यासाठीच घातली गेली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त इथे येतात. जैन मंदिरं आणि जुन्या हस्तलिखितांसाठी अभ्यासक येतात. १९१८ साली इथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि बाहेरगावची मुलं राहून शिकू लागली.

बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांतलं सर्वांत मोठं नाव पंजाबराव देशमुखांचं. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. गावात पुढचे वर्ग नव्हते, म्हणून चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती असा त्यांच्या शाळेचा प्रवास झाला. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा वडिलांनी शेतीवर कर्ज काढून पैसा उभा केला. पुढे बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. गावच्या मुलाला शाळेइतकीच राहण्या-जेवणाची सोय लागते, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून त्यांना देश ओळखतो. आज वसतिगृहात जागा न मिळालेल्या शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी जो राज्य शासनाचा निर्वाह भत्ता आहे, तो त्यांच्याच नावाने दिला जातो.

शिक्षणाचा पैसा आणि पिकाचा पैसा यांची सांगड घालण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात इतरत्रही झाले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत. या सगळ्यांनी विद्यार्थ्याला काटकसरीचा उपदेश करण्याआधी त्याची अडचण कोणत्या वेळी येते ते पाहिलं.

टंचाई डोक्यात काय करते

‘पैशाची चिंता सोड, अभ्यासात लक्ष घाल,’ असं घरोघरी सांगितलं जातं. हे सांगण्याइतकं सोपं का नाही, याचा एक चांगला अभ्यास तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तो २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांची त्यांनी दोनदा चाचणी घेतली: एकदा ऊसतोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसं तीच, पण तोडणीआधी आकृत्यांची कोडी सोडवताना आणि लक्ष एकाग्र ठेवताना ती मागे पडली. पैसे आल्यावर तीच माणसं सुधारली. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढे वादही झाले. तरी त्यातलं मूळ निरीक्षण शेतकरी घरातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. ‘पैसे कुठून आणू’ हा हिशेब मनात सतत चालू राहिला की दुसऱ्या कामासाठी डोक्यात जागा उरत नाही.

ऑगस्टमध्ये अकाउंटन्सीचं गणित सुटत नाही, तेव्हा मुलगा स्वतःला ‘ढ’ समजू लागतो. त्याने आधी तारीख पाहावी. सोयाबीन अजून शेतात उभं आहे आणि फीचा दुसरा हप्ता बाकी आहे, तर बिघाड त्याच्या बुद्धीत नाही, तारखांत आहे. आणि तो काही अंशी दुरुस्त करता येतो.

बारा चौकोनांचा कागद

त्यासाठी ॲप लागत नाही. वहीच्या जोडपानावर बारा चौकोन आखा, जून ते मे. प्रत्येक चौकोनात वर ‘येणार’ आणि खाली ‘जाणार’ असं लिहा.

समजा, जवळच्या गावाहून रोज कारंज्याला येणारा बी. कॉम.चा एक विद्यार्थी आहे. जुलैत फी ६,००० रुपये आणि पुस्तकं २,००० रुपये. पास, रिचार्ज, झेरॉक्स, चहा-नाश्ता मिळून महिन्याला १,५०० रुपये, असे जुलै ते एप्रिल दहा महिने. परीक्षा फॉर्मचे ऑक्टोबरात १,००० आणि मार्चमध्ये १,०००. वर्षाचा खर्च झाला २५,००० रुपये. घरून दिवाळीच्या चुकाऱ्यातून १५,००० मिळतात, तुरीवर ६,००० मिळतात आणि मार्चमध्ये शिष्यवृत्तीचे ४,००० येतात. बेरीज पुन्हा २५,००० रुपये. वर्षाच्या कागदावर हा विद्यार्थी अडचणीत नाहीच. पण जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन चौकोनांत त्याला १२,५०० रुपये लागतात आणि हातात शून्य असतं. त्याचा सगळा ताण या तीन चौकोनांत आहे.

एकदा हे कागदावर दिसलं की उपायही नेमके सुचतात. पहिला उपाय दिवाळीत करायचा. चुकारा आला की त्यातला जमेल तेवढा भाग ‘जूनचा पैसा’ म्हणून वेगळा काढावा आणि नोव्हेंबरात सात महिन्यांच्या मुदत ठेवीत ठेवावा, म्हणजे ती जूनमध्ये मोकळी होईल. व्याज मिळेल ते किरकोळ. खरा फायदा हा की मधल्या लग्नसराईत ती रक्कम सहज हाताला लागत नाही. पहिल्या वर्षी १२,५०० निघणार नाहीत. तीन हजार निघाले तरी पुढच्या जूनची उधारी तेवढी घटते.

दुसरा उपाय जूनमधला. फीचे हप्ते पाडून द्यावेत, असा लेखी अर्ज प्राचार्यांच्या नावे करावा आणि त्यात हप्त्यांच्या तारखा स्वतःच सुचवाव्यात. ‘नंतर भरतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘निम्मी आता, उरलेली १५ नोव्हेंबरपर्यंत’ म्हणणाऱ्याचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त असते. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर नक्की किती रक्कम आता भरायची आहे, हे कार्यालयातून आधी समजून घ्यावं.

तिसरा उपाय रोजचा. यूपीआयमुळे दहा-वीस रुपये कधी गेले ते कळत नाही. शक्य असेल तर दोन खाती ठेवावीत. मोठी रक्कम ज्या खात्यात आहे ते यूपीआयला जोडू नये. दर रविवारी आठवड्याचे पैसे दुसऱ्या खात्यात टाकावेत आणि फोनवरून खर्च करायचा तो तेवढ्यातूनच. गुरुवारी खातं रिकामं झालं, तर कुठे गेलं ते शोधायला चारच दिवस मागे जावं लागतं.

हक्काचा पैसा आणि त्याचे कागद

सरकारी सवलती अनेक आहेत, आणि त्या हुकतात त्या बहुधा कागदांमुळे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. त्याच मर्यादेत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण शुल्काची पूर्ण माफी लागू झाली. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शहराच्या आकारानुसार वर्षाला हजारोंची रक्कम थेट खात्यात येते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला अमरावती-नागपूरला जाणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना जरूर पाहावी. रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून दर वर्षी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर ताजी माहिती वाचावी. एसटीच्या विद्यार्थी पासाला भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भागच भरावा लागतो, हे तर जवळपास प्रत्येकाच्या कामाचं.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, रहिवासी दाखला ही कागदपत्रं जूनमध्ये काढायला गेलं की सेतू केंद्रात सगळा तालुका भेटतो. एप्रिल-मेमध्ये तिथे गर्दी कमी असते. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, म्हणून आपलं कोणतं खातं जोडलेलं आहे हे बँकेत जाऊन तपासावं. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकते. आणि अर्जाचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, हे दुसऱ्या वर्षी पुष्कळ जण विसरतात.

कागदावर मांडली तरी शिष्यवृत्ती खात्यात जमा होईपर्यंत तिच्या भरवशावर खर्च करू नये. ती उशिरा आली तर तिला पुढच्या जूनसाठी थेट मुदत ठेवीत घालावं.

उधारीची दारं

तरीही कधी उसने घ्यावे लागतात. मामाकडून किंवा मित्राकडून हातउसने घेताना परतीची तारीख सांगून घ्यावेत. नाती रकमेमुळे जितकी तुटत नाहीत तितकी मौनामुळे तुटतात. गावात ‘शेकडा पाच’ने पैसे मिळतात. हे पाच टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा पाच त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे.

मोबाइलवरचं झटपट कर्ज त्याहून महाग पडू शकतं. समजा, ५,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं, ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून १,००० आधीच कापले आणि पंधरा दिवसांनी ५,००० परत मागितले. हातात आले ४,०००. पंधरा दिवसांचे हे पंचवीस टक्के झाले. वर्षाच्या हिशेबाने सहाशे टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने सगळ्या शुल्कांसह वार्षिक दर सांगणारं तथ्यपत्रक आधी द्यावं लागतं आणि रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करावी लागते. तथ्यपत्रक न देता फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं ॲप दिसलं की ते काढून टाकावं. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे.

तुटीचा खड्डा झटक्यात भरण्याचा मोहही होतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. शेअर बाजारातल्या वायदे व्यवहारांबद्दल सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. परीक्षेच्या फीचे पैसे तिथे लावणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

मोठ्या शिक्षणासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज हे या सगळ्यांत सरळ दार. साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एका वर्षाने सुरू होते. त्या काळातही व्याज चढत राहतं, हे मात्र लक्षात ठेवावं.

वेळेचाही हंगाम असतो

पैशाची जी गत, तीच वेळेचीही आहे. सोयाबीनची काढणी आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेची तयारी एकाच वेळी येतात. मजूर मिळत नाहीत, थ्रेशर रात्री येतो, आकाशात ढग असतात. अशा वेळी ‘माझी परीक्षा आहे’ असं घरी म्हणणं जड जातं आणि न म्हणणं महागात पडतं. ज्याच्या घरी शेती आहे त्याने वेळापत्रकही पिकाप्रमाणे आखावं. निंदण-डवरण उरकल्यावर, पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत बऱ्याच घरी थोडी उसंत असते. हिवाळी सत्राचा बराचसा अभ्यास त्या आठवड्यांत संपवावा आणि काढणीच्या दिवसांसाठी उजळणी तेवढी राखावी.

त्या दिवसांत सर्वांत आधी झोप कापली जाते, आणि तीच शेवटी कापायला हवी. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाची गाडी पकडणारा विद्यार्थी अभ्यासाचे तास वाढवतो आणि त्यांचं फळ घटवतो. थोडा ताण कामाला लावतो. तो आठवडे टिकला की मात्र भूक, झोप आणि स्मरण तिन्ही बिघडतात. रोज अर्धा तास चालणं आणि फोन उशापासून दूर ठेवणं यांना पैसे पडत नाहीत.

घरात आकडे बोला

शेतकरी घरात पैशाबद्दल दोन्ही बाजूंनी लपवाछपवी असते. बाबा कर्जाचा आकडा मुलाला सांगत नाहीत, त्याचं मन अभ्यासात राहावं म्हणून. मुलगा फीची तारीख सांगत नाही, बाबांना टेन्शन नको म्हणून. शेवटी दोघंही वेगवेगळ्या खोलीत जागे असतात. विदर्भात गुढीपाडव्याला सालगड्याचा करार ठरतो, वर्षाचा हिशेब बसतो. त्याच बैठकीत मुलांच्या शिक्षणाचा बारा चौकोनांचा कागदही मांडावा. आईलाही तिथे बसवावं. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या आईला घराची तूट बहुधा सर्वांत आधी दिसलेली असते.

आणि ताण अशा बोलण्यानेही हलका होत नसेल, तर तो वेगळा विषय आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. आपल्या कॉलेजात तो आहे का, हे विचारण्याचा प्रत्येक विद्यार्थ्याला अधिकार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. मैत्रीण किंवा रूम पार्टनर असं काही बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्यासोबत थांबा आणि फोन तुम्ही लावा.

पिकाला भाव काय मिळेल हे विद्यार्थ्याच्या हातात नाही. फी कधी भरायची, दाखला कधी काढायचा, कोणाकडून किती दराने घ्यायचे आणि कोणाशी बोलायचं, हे मात्र आहे. येत्या पाडव्याला बारा चौकोन भरा, मे संपण्याआधी दाखले काढा आणि १४४१६ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये जतन करा.